काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?

बाईंनी मला विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी चुकवलं होतं.

बेळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्राचा पहिला तास. बाई आल्या, खडू उचलला आणि सगळ्यांत मागच्या बाकाकडे बोट केलं. "तू. कुठं राहतोस?"

मी उभा राहिलो. "बोरगाव."

"काल रात्री कुठं झोपलास?"

वर्ग हसला. मी खाली बघत म्हणालो, "हॉस्टेलवर."

"मग बोरगाव कशाला सांगतोस रं? बोरगावात काल रात्री तुझ्या अंथरुणावर मांजर झोपलं असंल." वर्ग आणखी हसला. बाई हसल्या नाहीत. "माणूस कुठला आहे ते त्याच्या आजोबाला विचारा. माणूस कुठं आहे ते मला पाहिजे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बोरगाव' झालो. पुढं बेळगावात घर झालं, केस पांढरे झाले, तरी त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. इतरांना ते लाडाचं वाटायचं. मला माहीत होतं, ती चुकलेल्या उत्तराची आठवण होती.

वर्गात त्यांचा एक विचित्र नेम होता. हात वर करणाऱ्याला त्या कधीच विचारायच्या नाहीत. पुढच्या बाकावरची हुशार मुलं वर्षभर हात उंचावून दमली. "हात खाली," बाई म्हणायच्या. "तुला काय येतं ते मला ठाऊक आहे. गप्प बसलेल्यांचं मला ठाऊक नाही." मी गप्प बसणाऱ्यांतला. मला घाम फुटायचा. पण त्या विचारायच्या आणि मग थांबायच्या. मी तोंड उघडेपर्यंत अख्खा वर्ग थांबलेला असायचा.

मी तसा कमी बोलतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचंय ते मी बरीच वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही.

नोकरी सोडून बाईंनी टिळकवाडीत एका छापखान्याच्या वर दोन खोल्या घेतल्या आणि सर्वेक्षणाचं काम सुरू केलं. मला बोलावून घेतलं. काम असं: गावागावांतली, गल्ल्यांतली माणसं निवडायची, त्यांना पॅनेलमध्ये घ्यायचं, म्हणजे कायमचे उत्तरदाते करून ठेवायचं. मग कधी साबणाबद्दल, कधी शाळेबद्दल, कधी एसटीबद्दल त्यांना मोबाइलवर प्रश्न पाठवायचे. उत्तरं मोबाइलवर आली तरी चालतील. पण माणूस आपण निवडायचा, तो आपल्याकडं चालत येता कामा नये, हा बाईंचा कायदा.

त्यासाठी त्या स्वतः दारोदार हिंडायच्या. घर चिठ्ठी टाकून ठरायचं. घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्यायचं नाही, पुन्हा यायचं. पुन्हा कुलूप असेल तर पुन्हा. दार उघडलं की आधी नाव नाही, जात नाही, गाव नाही. आधी तोच प्रश्न: "काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?"

लोक चमकायचे. बायका पदर तोंडाला लावायच्या. एका आप्पांनी तर काठी उचलली होती. "ह्ये काय इचारनं झालं?" बाई काठीकडं न बघता म्हणाल्या, "आप्पा, परगावी गेलेला ल्योक मोजू नका, आणि आलेली लेक विसरू नका. एवढंच." मग झोपलेल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका वाटीत. घरातल्याच कुणीतरी एक उचलायची. जिचं नाव निघेल तिच्याशीच बोलायचं. नवरा मध्ये बोलला तर त्याला म्हणायच्या, "तुम्ही भाईर बसा."

आणि जिचं नाव निघालं तिच्याकडं फोन नसेल तर? आम्ही म्हणायचो, दुसरी चिठ्ठी उचलूया. बाई पिशवीतून बटणाचा फोन काढून तिच्या हातात द्यायच्या. "माणूस बदलायचा नाही. फोन बदला." अशा माणसांना महिन्यातून कधीतरी ऑफिसातून फोन जायचा आणि प्रश्न वाचून दाखवले जायचे.

ऑफिसात चहा कुणी करायचा तेही चिठ्ठीनंच ठरायचं. त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठीसकट. निपाणीला कामाला गेलो की स्टँडजवळच्या खानावळीत त्या आधी आमटीच्या भांड्याकडं जायच्या आणि पळीनं तळापासून ढवळायच्या. मालक कळवळायचा. "बाई, वरचा तेलाचा कट मोडतोय की!" "कट वर आपोआप येतोय. मला खालचं पायजे."

एकदाच, त्याच खानावळीत, त्यांनी याचं कारण सांगितलं. आई निपाणीत बिड्या वळायची. कामगार बायकांची गाऱ्हाणी ऐकायला कधीमधी साहेब यायचे. तेव्हा कारखानदाराचा माणूस दोघीतिघी बोलक्या बायका पुढं बसवायचा. त्या सांगायच्या, सगळं ठीक आहे. "माझी आई मागं भिंतीला टेकून बसायची. बिड्यांचं सूप मांडीवर. एका साहेबानं तरी मागं यावं की न्हाय? ती हात वर करणारी न्हवती." मग भाकरी मोडत म्हणाल्या, "जेव, बोरगाव."

हे सगळं मला माहीत होतं. हे माहीत असूनही मी पुढचं केलं.

दिवस बदलले. मोठ्या कंपन्या आल्या. त्यांची पॅनेलं लाखालाखांची. जाहिरात टाकायची, लिंक पाठवायची, उत्तर दिलं की रिचार्ज. माणसं मुंग्यांसारखी यायची. आमचं पॅनेल त्यापुढं चिमूटभर, आणि एकेका माणसासाठी बाई एसटीनं हेलपाटे मारणार. कामं हातची जाऊ लागली. व्यवहार मी बघत होतो. मी बाईंना म्हटलं, थोडी लिंक वापरूया.

"लिंकवर कोण येतंय?"

"सगळे येतात, बाई."

"सगळे न्हाय. ज्यांना रिचार्ज पायजे आणि ज्यांना वेळ हाय, ते येतात. तेच सकाळी आपल्याकडं, दुपारी दुसऱ्याकडं. पहिला पर्याय दाबत सुटतात. एकच जण बायकोच्या नावानं एक फॉर्म भरतोय, आईच्या नावानं एक. मला म्हाईत न्हाय व्हय?"

"तपासता येतं."

"काय तपासशील? आधार? आधार खरंच असतंय रं. माणूस खोटा नसतोय. तिथं नसतोय."

आठवडाभर आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. शेवटी त्या अर्ध्यावर आल्या. पॅनेलमधल्या जुन्या घरांना हात लावायचा नाही. जिथं नवी माणसं लागतील तिथं लिंक चालेल, पण एका अटीवर. रात्रीचा प्रश्न पहिला राहील.

मी कबूल केलं.

मग ते गाडीचं काम आलं.

खानापूर तालुक्यात, गुंजी स्टेशनापासून आत, जंगलाकडच्या गावांत एका संस्थेची दवाखान्याची गाडी जायची. डॉक्टर, नर्स, गोळ्या, मलमपट्टी. संस्थेला खर्च झेपेना. त्यांना विचार सुचला की त्याऐवजी फोनवर डॉक्टर द्यावा. लोकांना चालेल का ते विचारून सांगा, म्हणाले. आमच्या अहवालावर गाडी राहणार की जाणार ते ठरणार होतं. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्या गावांत आमची जुनी घरं थोडी. नवी माणसं हवी होती आणि मुदत जवळ आली होती. मी लिंक सोडली. त्या गावांतून जवळजवळ कुणीच आलं नाही. जे आले ते पहिल्याच प्रश्नावर थांबले आणि निघून गेले. काल रात्री घरात कोण झोपलं होतं हे अनोळखी मोबाइलला कोण सांगणार? बाई दारात उभ्या असायच्या तेव्हा लोक सांगायचे, कारण बाई दारात उभ्या असायच्या.

मी तो प्रश्न काढला. त्या जागी घातलं: आपलं गाव.

माझ्या बहिणीचं सासर त्याच बाजूचं. तिचा मुलगा इकडं बेळगावजवळ, मच्छेच्या कारखान्यात. मी त्याला लिंक पाठवली आणि सांगितलं, तुमच्याकडच्या पोरांना दे. दुपारपर्यंत उत्तरं धो धो येऊ लागली. सगळी त्या गावांची. आधार त्या गावांचं, मतदान तिथलं. आकडे वर चढताना बघून बरं वाटत होतं. मग मला दिसलं की ती घोळक्यानं येतायत. कारखान्याची पाळी सुटायच्या वेळेला. चहाच्या सुट्टीला.

भाच्याला फोन लावला.

"मामा, मिळाली न्हवं पोरं? ग्रुपवर टाकलो की टपूनच हुती सगळी. रिचार्ज कवा पडतंय?"

"ही पोरं राहतात कुठं रं?"

"ऱ्हातात हितंच, मच्छेत. खोल्या करून. पर गाव तिकडचंच की मामा, गनपतीला जातोय न्हवं आमी."

"गाडीबद्दल काय लिहिलंय त्यांनी?"

"लिवलंय, फोनवर डॉक्टर बेस्ट. गाडी कशाला? आमी तिथं असतोय कुठं?"

तो हसला. मीही हसल्यासारखं केलं आणि फोन ठेवला.

हीच ती गोष्ट. ती पोरं खोटं बोलली नव्हती. इकडं कुणालाही विचारा, गाव म्हटलं की तो मूळ गाव सांगतो. मीही बोरगाव सांगितलंच होतं. त्या एका चुकीसाठी बाईंनी मला आयुष्यभर त्या नावानं हाक मारली, आणि तीच चूक मी घाऊक विकत घेतली होती. कळून घेतली होती.

अहवाल बाईंच्या टेबलावर गेला. त्यांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. "जंगलाकडच्या लोकांना फोनवर डॉक्टर पायजे? तिथं रेंज येतीया व्हय?"

"हल्ली येते म्हणतात."

"आणि जुनी घरं?"

"त्यांनाही पाठवलंय." पाठवली होती ती लिंक. बटणाच्या फोनवर ती उघडत नाही. वाचून दाखवायचे फोन मी त्या महिन्यात लावलेच नव्हते, वेळ नाही म्हणून.

बाईंनी पेन उचलला, मग थांबल्या. वर्गात थांबायच्या तशाच. "रात्रीचा प्रश्न हाय न्हवं पहिला?"

खालून छापखान्याच्या मशीनचा आवाज येत होता. मी म्हणालो, "आहे."

त्यांनी सही केली.

गाडी बंद झाली. काही महिन्यांनी बाई आपल्या जुन्या माणसांना भेटायला त्या बाजूला गेल्या. वर्षातून एकदा त्या सगळ्यांकडे जायच्या. काम म्हणून नाही. ज्याला आपण विचारतो त्याच्या दारात परत जायला पाहिजे, असं त्यांना वाटायचं. तिथल्या एका घरात एक आक्का होत्या. साखरेचा आजार, पायाला जखम. गाडीतली नर्स दर आठवड्याला ती धुऊन बांधायची. गाडी थांबली. फोनवरच्या डॉक्टरला जखम दिसत नव्हती, आणि फोन लागायचा तर गावाबाहेरच्या चढावर जायला लागायचं. ज्या पायाची तक्रार सांगायची त्याच पायानं चढायचं. पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

बाई परत आल्या त्या सकाळी मी आधीच ऑफिसात होतो. त्यांनी पिशवीही खाली ठेवली नाही.

"फॉर्म उघड."

मी उघडला. पडद्यावर बोट ठेवत त्या एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत गेल्या. मग पुन्हा वर आल्या. पहिल्या प्रश्नावर बोट थांबलं.

"हितं काय हुतं?"

"बाई, लोक तिथंच सोडून जात होते, आणि मुदत—"

"मी ते विचारलं न्हाय. हितं काय हुतं?"

"रात्रीचा प्रश्न."

"आणि सही करायच्या आधी मी तुला काय विचारलेलं?"

या वेळी त्या थांबल्या नाहीत. "जा. खाली जाऊन चहा पिऊन ये." मी वर आलो तेव्हा त्या संस्थेला फोन करत होत्या. आपला अहवाल चुकीचा आहे, आपल्या सहीनं गेला आहे, आपण परत घेतो. पलीकडून कुणीतरी सांगत होतं की गाडी आता दुसऱ्या तालुक्याला दिली. बाई तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. मग फोन ठेवला.

त्यांनी मला काढलं नाही. ऑफिसच बंद केलं आणि निपाणीला निघून गेल्या. मला बंगळूरच्या एका कंपनीनं घेतलं, घरी बसून काम. पॅनेलचा दर्जा बघायचा, हे माझं काम. खोटी माणसं कशी ओळखायची यावर मी इतरांना शिकवतो. लोक म्हणतात, तुमची नजर चांगली आहे.

बाईंना वाटत होतं की मी आळस केला, भ्यालो, खोटं बोललो. ते सगळं खरंच होतं. पण भाच्याच्या फोनचं त्यांना माहीत नव्हतं. उत्तरं मच्छेहून आली हे मला सहीच्या आधी ठाऊक होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. तेवढं सांगायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी मी निपाणीला गेलो. बाई ओसरीत शेंगा सोलत बसल्या होत्या. गुडघे गेलेले, काठी शेजारी.

"बाई, एक सांगायचं होतं."

"सांगू नको."

"तुम्हाला माहीत नाही असं—"

"हात वर करून आलास न्हवं?" शेंगा सोलायच्या थांबल्या नव्हत्या. "तुला हलकं व्हायचंय. मी कशाला ऐकू? तू आयुष्यभर गप्प बसणारा पोरगा. म्हणून मी तुला विचारायची. आता तूच पुढच्या बाकावर येऊन बसलास व्हय रं?"

मी उभाच होतो.

"बस, शेंगा खा. आणि मग जा. ज्यांना विचारायचं राहिलंय त्यांच्याकडं जा."

मी लगेच गेलो नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एका रविवारी पॅसेंजरनं गुंजीला उतरलो आणि रिक्षा करून आत गेलो. आक्का अंगणात खाटेवर होत्या. सून भांडी घासत होती. मी म्हणालो, बाईंच्या ऑफिसातला. "बाईंच्या?" म्हणून आक्कांचा चेहरा उजळला. सुनेनं चहा केला. मुलगा कुठं असतो विचारलं. सून म्हणाली, "मच्छेत. कारखान्यात."

आक्कांनी मला बटणाचा फोन दाखवला, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. "कोन फोन करत न्हाय आता," म्हणाल्या. इकडचंतिकडचं बोलण्यात परतीची पॅसेंजर गेली. सुनेनं ओसरीत घोंगडं अंथरलं.

सकाळी दातावर मशेरी फिरवत सून अंगणात थांबली आणि ओरडली, "आत्ती, बाई आल्या की ओ!"

काठी टेकत बाई येत होत्या. तीच कापडी पिशवी. वर्षातली त्यांची खेप. त्यांनी मला पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. खाटेच्या कडेला बसल्या, श्वास घेतला, आक्कांच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?"

सून हसली. दर वर्षीचं आता तिला पाठ होतं. "आत्ती. मी. आन् हे पाव्हणं, पर ते झोपलं न्हाईत. रातभर बसून हुतं, खांबाला टेकून."

बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. "घरात हुता न्हवं? मग मोजणीत धर त्याला." तीन चिठ्ठ्या केल्या. वाटी आक्कांपुढं धरली.

माझं नाव निघू दे, असं मला वाटलं. इतकं काही मी कधी मागितलं नव्हतं.

बाईंनी चिठ्ठी उघडली. "आक्का, तुमचीच." मग माझ्याकडं न बघता, "तू भाईर बस."

मी कुंपणापाशी दगडावर जाऊन बसलो. आवाज येत होता. तब्येत कशी, पाणी कुठलं, रेशन मिळतं का. मग बाई म्हणाल्या, "गाडी बंद करायच्या आधी तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"न्हाय."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?"

बाई थांबल्या. त्यांचं ते थांबणं मला पाठमोऱ्यालाही कळलं.

"येऊ दे म्हन्ली असती," आक्का म्हणाल्या. "गाडी येऊ दे. दुसरं काय?"

कोंबडी कुठंतरी ओरडली. मग आक्कांचाच आवाज, जरा मोठ्यानं. "बाई, त्या पाव्हण्याला इचारा की. काल धरनं त्याच्या तोंडात कायतरी हाय. मी इचारतीया म्हनून इचारा."

"माझा नेम हाय, आक्का. चिठ्ठी तुमची निघाली."

"चिठ्ठी माजी न्हवं? मग मी म्हन्तीया."

मग काठीचा आवाज झाला. बाई दारात आल्या. वर्गात बोट करायच्या तसं त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"बोरगाव. तू सांग."

मी उठलो. आत गेलो. खाटेजवळ जमिनीवर बसलो, पाय नव्हता त्या बाजूला.

"आक्का," मी म्हणालो, "तुम्हाला विचारलेलं नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं."